नकाशावर निळा रंग दिला की बाजार भरतो का?

नगरपरिषदेच्या जिन्याखालच्या भिंतीवर मोठा रंगीत नकाशा लावला होता आणि त्याच्यासमोर वीस-पंचवीस माणसं माना उंचावून उभी होती. आमच्या गावाचा सुधारित प्रारूप, म्हणजे अजून कच्चा, विकास आराखडा प्रसिद्ध झाला होता. कोणी बोटाने आपली गल्ली शोधत होतं, कोणी मोबाइलवर फोटो काढून तो मोठा करून बघत होतं. पिठाच्या गिरणीचे काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, माझ्या गिरणीवर पिवळा रंग आलाय. म्हणजे आता गिरणी उचलायची का?" त्यांच्यामागे गुरुवारच्या बाजारात मेथी-पोकळा विकणाऱ्या मावशी होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "यात आमी कुठं हाय?"

काकांना मी दोन मिनिटांत उत्तर दिलं. मावशींना देता आलं नाही, कारण बराच वेळ शोधूनही त्या मला नकाशात सापडल्या नाहीत.

असे नकाशे सध्या बऱ्याच गावांत लागत आहेत. पिंपरी-चिंचवडचा सुधारित आराखडा २०२५ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाला, तेव्हा हजारो लोकांनी हरकती दिल्या. रस्त्यात घर जातंय का, हे बहुतेक जण बघतात आणि ते बघायलाच हवं. पण गावाचा बाजार कुठे भरणार, दुकानं कुठे चालणार, माल कुठे उतरणार हेही त्याच कागदावर ठरत असतं. त्याकडे फार थोडे लोक बघतात.

## आधी कागद समजून घेऊ

घर बांधताना स्वयंपाकघर कुठे, मोरी कुठे, देवघर कुठे हे आपण आधी ठरवतो. गावासाठी तेच काम विकास आराखडा करतो. नगररचनेचा देशातला पहिला कायदा आपल्याच मुंबई इलाख्यात १९१५ मध्ये झाला. आज महाराष्ट्रात जो चालतो तो १९६६ चा 'महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम'. आराखडा साधारण वीस वर्षांचा विचार करून बनतो. म्हणजे आज जे मूल बालवाडीत आहे, ते नोकरीला लागेपर्यंत हाच कागद चालायचा आहे.

नकाशात पिवळा म्हणजे राहण्याचा भाग, निळा म्हणजे व्यापाराचा, जांभळा उद्योगाचा, हिरवा शेतीचा किंवा मोकळ्या जागेचा. हे झाले झोन. त्यांच्यावर काही ठिकाणी नंबर टाकून चौकोन आखलेले असतात: 'भाजी मंडई', 'दवाखाना', 'वाहनतळ'. ती आरक्षणं. या दोन शब्दांत लोकांची फार गल्लत होते. रेल्वेचा विचार करा. झोन म्हणजे डबा. महिलांच्या डब्यात कोणतीही महिला कुठेही बसू शकते. आरक्षण म्हणजे त्या डब्यातली एका नावाची सीट. निळ्या झोनमधल्या जमिनीवर तिचा मालक नियमात बसेल ते दुकान, ऑफिस, हॉटेल काढू शकतो. मंडईचं आरक्षण असलेल्या जमिनीवर मात्र मंडईच व्हायला हवी, आणि त्यासाठी ती जमीन नगरपरिषदेने ताब्यात घ्यायला हवी.

आता गिरणीवाल्या काकांचं उत्तर. पिवळा रंग म्हणजे फक्त घरं, असं नाही. मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर डिसेंबर २०२० पासून राज्यभर बांधकामाची एकच नियमावली लागू आहे. तिच्यात राहण्याच्या भागातसुद्धा रोजच्या गरजेची दुकानं, डॉक्टरांचे दवाखाने, घरमालकाचं स्वतःचं छोटं कार्यालय, ठरलेल्या अश्वशक्तीच्या आतली पिठाची गिरणी अशी बरीच कामं चालतात. रस्ता जितका रुंद, तितकी परवानगी मोठी. अरुंद गल्लीत किराणा चालेल, मंगल कार्यालय चालणार नाही. काकांची गिरणी जिथे आहे तिथेच राहणार.

कायद्याची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण तिच्यामुळे अनेकांना नोटिसा आल्या आहेत. 'विकास' म्हणजे नुसतं बांधकाम नव्हे. एक वीट न हलवता राहत्या फ्लॅटमध्ये क्लास किंवा कपड्यांचं दुकान सुरू केलं, तरी कायद्याच्या भाषेत तो वापरातला बदल ठरू शकतो आणि त्याला परवानगी लागते. दुकानाची जागा घेताना विकणाऱ्याच्या शब्दावर राहू नका. नगरपरिषदेतून झोन दाखला (जमीन कोणत्या झोनमध्ये आहे त्याचा कागद) आणि भाग नकाशा (आराखड्यातला तेवढ्याच भागाचा नकाशा) काढून घ्या. थोडी फी भरून दोन्ही कागद मिळतात.

## दुकान कुठे चालतं, हे पावलं ठरवतात

कोथिंबिरीची जुडी आणायला तुम्ही किती लांब जाता? पाच मिनिटं, फार तर दहा. महिन्याच्या किराण्यासाठी अर्धा तास चालतो. आणि मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायचा असेल तर आमच्या गावची माणसं सकाळी गाडी करून पुण्याला जातात, दिवसभर लक्ष्मी रोडवर फिरतात आणि रात्री परततात.

गावात व्यापाराची जागा ठरवण्याचं सगळं शास्त्र या तीन उदाहरणांत आलं. एखाद्या वस्तूसाठी गिऱ्हाईक जितकं अंतर यायला तयार असतं, तो तिचा पल्ला. दुकान तगून राहायला जितकी कुटुंबं आसपास लागतात, तो त्याचा उंबरठा. दुधाचा पल्ला छोटा आणि उंबरठाही छोटा, म्हणून दुधाचं दुकान प्रत्येक वस्तीत हवं. पैठणीचा पल्ला मोठा आणि उंबरठाही मोठा. ते दुकान गल्लोगल्ली टाकून चालत नाही, ते मोठ्या पेठेतच उभं राहतं. नव्या वस्तीचा आराखडा करताना चार किलोमीटरवर एक मोठा निळा पट्टा दाखवला आणि मधल्या घरांना कोपऱ्यावरचं एकही दुकान दिलं नाही, तर काय होईल? लोक गाडी काढून दुधाला जातील किंवा कोणीतरी पार्किंगमध्ये शटर टाकून दुकान काढेल. यातली दुसरी गोष्टच होते, हे आपण सगळ्यांनी बघितलं आहे.

एकाच मालाची दुकानं एकमेकांना चिकटून का असतात, तेही इथेच समजतं. आपला तोटा व्हावा म्हणून कोणी स्पर्धकाशेजारी बसत नाही. मोठ्या खरेदीला गिऱ्हाईक चार दुकानं फिरतं, भाव करतं, पोत बघतं. चार दुकानं जवळ असली की ते तिथे येतं, लांब असली की दुसऱ्या गावाला जातं. पुण्याची तांबट आळी, बोहरी आळी, तुळशीबाग या अशाच जमून गेलेल्या जागा आहेत.

पेठ हा शब्दच आपल्याकडे बाजारवस्तीसाठी आहे. पेशवाईत नवी पेठ बसवायची तेव्हा शेटे-महाजनांना कौल देत. काही वर्षं कर माफ किंवा कमी करून व्यापारी आणि कारागीर आणून वसवत. नुसती जागा दाखवून व्यापारी येत नाही, त्याला पहिली काही वर्षं तगायला मदत लागते, हे तेव्हाच्या कारभाऱ्यांना माहीत होतं. आजच्या आराखड्यांत मला हा विचार क्वचितच दिसतो आणि त्याचं मनापासून वाईट वाटतं.

## रिकामे गाळे, भरलेला रस्ता

आमच्या गावात नगरपरिषदेची दुमजली मंडई आहे. नाव सांगत नाही, कारण अशी मंडई तुमच्याही गावात असण्याची दाट शक्यता आहे. खालच्या मजल्यावरचे निम्मे गाळे बंद. वरच्या मजल्यावर मंडपवाल्याच्या खुर्च्या आणि निवडणुकीतले फलक ठेवलेले. आणि मंडईच्या बाहेर, रस्त्याच्या दोन्ही कडांना, भाजीच्या पथाऱ्यांची रांग एसटी स्टँडपर्यंत.

एका गुरुवारी सकाळी साडेसहाला मी तिथे जाऊन उभी राहिले. पहिल्या एसटीने मावशी उतरल्या. डोक्यावर फडक्यात बांधलेल्या जुड्या, हातात एक गोणपाट. स्टँडच्या फाटकापासून चाळीस पावलांवर त्यांनी गोणपाट अंथरलं, वर पाणी शिंपडलं आणि मेथी मांडली. दहा मिनिटांत पहिलं गिऱ्हाईक आलं. मोटरसायकल, मागे शाळेचा मुलगा, गाडी चालूच. "कशी दिली?" "पंधराला." "दोन द्या." जुडी हँडलला अडकवली, पैसे दिले आणि गाडी निघाली. माणूस गाडीवरून उतरला नाही. पुढच्या तासाभरात मी बघत होते. बहुतेक गिऱ्हाइकं उतरलीच नाहीत.

आता ही मंडई का चालत नाही ते सांगते. तिथे जायचं तर गाडी लावायची, पाच पायऱ्या चढायच्या, आत अंधारात जायचं आणि परत यायचं. एका जुडीसाठी कोणी ते करत नाही. दुसरं कारण गाळ्याचं. गाळा दहा बाय दहाचा, त्याला शटर, त्याचा लिलाव, त्याची अनामत रक्कम, महिन्याचं भाडं. मावशींचं दिवसाचं भांडवल एका गोणपाटात मावतं. त्यांना गाळा नको, चार बाय चारचा ओटा हवा, वर छप्पर हवं, जवळ नळ आणि स्वच्छतागृह हवं, आणि तोही आठवड्यातून दोनच दिवस हवा. आराखड्यात 'भाजी मंडई' असा एक चौकोन असतो. त्या चौकोनात गाळे की ओटे, हे मावशींना कोणी विचारत नाही. तिसरं कारण मालाचं. मंडईच्या मागच्या दारी टेम्पो वळतच नाही, त्यामुळे तो पुढे रस्त्यावर उभा राहतो आणि सगळा गाव अडतो.

तुलनेला पुण्याची महात्मा फुले मंडई घ्या. १८८६ मध्ये ती रे मार्केट म्हणून सुरू झाली. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भरायचा. नवी इमारत बांधली ती शुक्रवार पेठेत, तुळशीबागेपासून हाकेच्या अंतरावर, जिथे लोकांचा पाय रोज पडत होता तिथे. आत बसायला ओटे होते, चहूबाजूंनी दारं होती. एवढ्या वर्षांनीही तिथे उभं राहायला जागा नसते. ती चालली त्यात तिच्या देखण्या मनोऱ्याचा वाटा कमी आणि जागेच्या निवडीचा वाटा मोठा आहे, असं माझं मत आहे.

## घाऊक बाजाराचं गणित वेगळं

किरकोळ बाजाराला पावलं लागतात, घाऊक बाजाराला ट्रक लागतात. रात्री दोनला गाड्या येतात, हमाल माल उतरवतात, पहाटे लिलाव होतो, सकाळी कचरा उरतो. हे काम गावाच्या पोटात फार काळ चालत नाही. मुंबईत मसाला आणि धान्य मशीद बंदरच्या भागात, फळं क्रॉफर्ड मार्केटला, भाजी भायखळ्याला अशी विभागणी होती. ते घाऊक बाजार १९८० आणि ९० च्या दशकांत टप्प्याटप्प्याने नवी मुंबईत हलवले. आज वाशी-तुर्भ्याच्या बाजार समितीत कांदा-बटाटा, मसाला, धान्य, फळं आणि भाजी अशी पाच मोठी मार्केटं आहेत. पुण्याचा घाऊक बाजारही पेठांतून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला.

व्यापाऱ्यांनी तेव्हा खूप विरोध केला आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. बाजार हलतो तेव्हा गाळ्यांबरोबर माथाडी कामगारांची घरं, चहावाले, पोती शिवणारे, उधारीची खाती असं सगळंच हलवावं लागतं. ज्या आराखड्यात बाजाराशेजारी त्या माणसांच्या राहण्याची सोय नसते, तो अर्धाच झालेला असतो.

## रंग बदलला, जिना तोच राहिला

व्यापाराच्या जागा ठरवण्यातली चूक माणसाच्या जिवावर कशी येते, हे मुंबईच्या परळने दाखवलं. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातल्या कापड गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या मुंबईच्या विकास नियमांत या जमिनींसाठी एक वाटणी ठरली होती: एक हिस्सा शहराच्या मोकळ्या जागांना, एक सार्वजनिक घरांना आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीची होईल, असं ठरलं आणि शहराच्या वाट्याला फार थोडं आलं. पुढच्या काही वर्षांत गिरण्यांच्या आवारात ऑफिसांचे मनोरे आणि मॉल उभे राहिले.

गिरण्यांत पाळ्यांनी काम चालायचं आणि बहुतेक कामगार आसपासच्या चाळींत राहायचे, चालत यायचे. नव्या ऑफिसांतली माणसं वसई, कल्याण, पनवेलहून लोकलने येऊ लागली आणि सगळी एकाच वेळी. झोनचा रंग बदलला, पण परळला लागून असलेल्या एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनच्या पुलाचा अरुंद जिना तोच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी जोराच्या पावसात त्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. नंतर लष्कराला बोलावून तिथे नवा पूल बांधला, तो २०१८ च्या फेब्रुवारीत खुला झाला. पाच महिन्यांच्या आत होऊ शकणारं काम होतं ते.

म्हणून नकाशात निळा पट्टा दिसला की मी पहिला प्रश्न विचारते: इथे येणारी माणसं येणार कशी? बस कुठे थांबणार, पादचारी कुठून चालणार, मालाची गाडी किती वाजता येणार? याचं उत्तर त्याच नकाशात नसेल तर तो पट्टा अपुरा आहे.

## "माझी जागा, माझा धंदा, सरकारने का सांगावं?"

हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो आणि तो रास्त आहे. धंदा कुठे चालेल हे दुकानदाराला अधिकाऱ्यापेक्षा जास्त कळतं. पण दुकानाचा फायदा दुकानदाराला होतो आणि त्रास शेजारी वाटून घेतो. तळमजल्यावर हॉटेल निघालं की फोडणीचा धूर दुसऱ्या मजल्यावरच्या बाळाच्या खोलीत जातो. गॅसच्या टाक्या जिन्याखाली येतात. रात्री अकराला शटर पडल्याशिवाय कोणाला झोप लागत नाही. या त्रासाची वाटणी आधीच ठरवून ठेवणं, एवढ्यासाठी नियम हवेत.

मात्र नियम जमिनीवरच्या परिस्थितीपासून फार दूर गेले की तेही मोडतात. दिल्लीत वर्षानुवर्षं राहण्याच्या भागात दुकानं वाढत गेली आणि सगळ्यांनी डोळेझाक केली. फेब्रुवारी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर दुकानांना सील लागायला सुरुवात झाली. हजारोंची रोजीरोटी एका रात्रीत टांगणीला लागली, दुकानदारांनी बंद पाळले, मोर्चे काढले. शेवटी दिल्लीच्या आराखड्यात दोन हजारांहून जास्त रस्ते व्यापाराला किंवा मिश्र वापराला, म्हणजे खाली दुकान आणि वर घर अशा वापराला, खुले करावे लागले. हेच आधी रस्तानिहाय ठरवलं असतं, तर लहान दुकानदारांचे इतके हाल झाले नसते.

मग सगळीकडेच मिश्र वापर करून टाकावा का? माझं उत्तर नाही असं आहे. आपले जुने वाडे, चाळी, पेठा मिश्र वापराच्याच आहेत आणि त्या जिवंत आहेत, हे खरं. पण तिथे खाली शिंपी, वाणी, घड्याळजी असायचे. बिअर बार, फटाक्यांचं गोदाम आणि वेल्डिंगचं वर्कशॉप हे वेगळे शेजारी आहेत. कोणत्या रस्त्यावर कोणता धंदा आणि किती वाजेपर्यंत, एवढा तपशील आराखड्याने द्यायला हवा.

आणखी एक गोष्ट उघड बोलायला हवी. रंग बदलला की जमिनीचा भाव बदलतो, हिरव्याची निळी झाली की कितीतरी पटींनी. आराखडा मंजूर झाल्यावरही नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदल करता येतात, आणि त्यावरही हरकती मागवाव्या लागतात. त्या जाहिराती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येतात. त्या वाचत चला.

## "फेरीवाले म्हणजे अतिक्रमणच ना?"

नाही. २०१४ पासून देशात पथविक्रेत्यांचा स्वतंत्र कायदा आहे. त्याप्रमाणे दर पाच वर्षांनी किमान एकदा विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, त्यांना प्रमाणपत्र द्यायचं आणि लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कोणालाही उठवायचं नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असतात आणि त्यातल्या एक तृतीयांश महिला.

या कायद्यातला एक शब्द मला फार मोलाचा वाटतो: नैसर्गिक बाजार. विकणारे आणि घेणारे वर्षानुवर्षं आपणहून जिथे जमतात ती जागा. सर्वेक्षणात नोंद झालेला असा बाजार 'ना-फेरीवाला क्षेत्र' म्हणून जाहीर करता येत नाही. शिवाय विक्रेत्यांसाठी जी योजना करायची, तिच्यात विकास आराखड्यात काय बदल हवेत तेही सांगायचं आहे. म्हणजे मावशींना नकाशात जागा मिळण्याचा रस्ता कायद्याने आखून ठेवलेला आहे. त्यावरून कोणीतरी चालायचं बाकी आहे.

पादचाऱ्यांचं काय, हा प्रश्न उरतो आणि तो मी टाळणार नाही. फूटपाथ पूर्ण अडवून बसणं चूकच. व्हीलचेअर, काठी टेकत जाणारी आजी, बाबागाडी यांना वाट हवीच. म्हणूनच स्टँडजवळ, रस्त्याच्या कडेला, आखून दिलेल्या ओट्यांची जागा हवी. उठवलेले लोक दुपारी परत तिथेच येतात, कारण गिऱ्हाईक तिथे असतं.

## एका दिवसाचा बाजार, सहा दिवसांचं मैदान

आमचा गुरुवारचा बाजार स्टँडजवळच्या ज्या मैदानावर भरतो, तिथे शुक्रवारी सकाळी मुलं क्रिकेट खेळतात. आठवडी बाजाराची हीच गंमत आहे. एकच जागा दोन कामांना येते, फक्त वार वेगळे. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार असो की आपल्याकडचे असंख्य तालुक्यांचे बाजार, ते असेच चालत आले. शहरांनाही हे पटलं आहे. २०१६ मध्ये राज्याने संत शिरोमणी श्री सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजाराची मोहीम काढली ती शहरातल्या मोकळ्या जागांसाठीच.

पण नकाशाला वार कळत नाही. आराखडा करण्याआधी गावातल्या प्रत्येक जमिनीचा आजचा वापर नोंदवतात. तो विद्यमान भूवापर नकाशा. त्यात आमचं मैदान 'मोकळी जागा' असं आहे. गुरुवार सोडून कोणत्याही दिवशी गेलं तर ते तसंच दिसतं. जे नोंदलं गेलं नाही ते आराखडाकारासाठी नसतंच, आणि मग त्या मोकळ्या जागेवर वाहनतळाचं आरक्षण पडतं. आमच्याकडे तेच झालं आहे. मावशी नकाशात सापडल्या नाहीत, त्याचं कारण हे.

## "आता सगळं मोबाइलवर मिळतं, मंडई कशाला?"

दहा मिनिटांत घरपोच येणारा माल हवेतून येत नाही. वस्तीत कुठेतरी गाळा घेऊन तिथे माल भरलेला असतो आणि बाहेर दहा-वीस दुचाक्या उभ्या असतात. गिऱ्हाईक आत जात नाही म्हणून त्याला दुकान म्हणता येत नाही, माल साठून राहत नाही म्हणून गोदामही म्हणता येत नाही. मुलं उन्हापावसात फूटपाथवर बसून ऑर्डरची वाट बघतात. अशा कामासाठी रस्त्याच्या आत दुचाक्यांना जागा आणि मुलांना टेकायला सावली, एवढी अट परवानगीत घातली पाहिजे. आणि ज्यांचा माल एका गोणपाटात मावतो, त्यांच्यासाठी अजून तरी कोणतं ॲप आलेलं नाही.

## "हरकत देऊन काही होतं का?"

होतं. मुंबईचा नवा प्रारूप आराखडा २०१५ मध्ये आला, तेव्हा त्यात चुकाच इतक्या होत्या आणि लोकांनी इतका आवाज उठवला की राज्य सरकारने तो दुरुस्त करून पुन्हा प्रसिद्ध करायला लावला.

प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर नोटिशीत दिलेल्या मुदतीत, साधारण ३० दिवसांत, हरकत किंवा सूचना लेखी द्यायची. नंतर नियोजन समिती सुनावणीला बोलावते. तिच्यात लोकप्रतिनिधी आणि सरकारने नेमलेले तज्ज्ञ असतात. सुनावणीला जाच, पाच मिनिटंच मिळतात पण मिळतात. अर्जात सिटी सर्व्हे नंबर किंवा गट नंबर, आरक्षणाचा क्रमांक, काय चुकलं आणि त्याऐवजी काय हवं, हे लिहा. 'आमच्यावर अन्याय झाला' एवढ्याने समितीच्या हाती काही लागत नाही. पर्यायी जागा सुचवली, फोटो जोडले, तर त्यांना बदल करायला आधार मिळतो. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायला विसरू नका.

मंडईचं आरक्षण कायम राहिलं तरी काम संपत नाही. दहा वर्षांत नगरपरिषदेने जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनासाठी पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. मालकाच्या बाजूने हे न्याय्यच आहे, कोणाची जमीन किती वर्षं अडकवून ठेवायची? पण यामुळे अनेक गावांच्या मंडया कागदावरच संपल्या. दर अर्थसंकल्पाच्या वेळी आपल्या नगरसेवकाला विचारा, त्या जागेसाठी यंदा किती पैसे ठेवले.

आमच्या मैदानासाठी आम्ही दोन गुरुवार सकाळी सहापासून उभे राहिलो. गिरणीवाल्या काकांच्या मुलाने रांगेतल्या पथाऱ्या मोजल्या, कॉलेजच्या दोघींनी फोटो काढले. कोण कुठल्या गावाहून येतं ते मी लिहून घेतलं. हरकतीत तीन मागण्या आहेत. भूवापर नकाशात या जागेवर 'आठवडी बाजार, गुरुवार' अशी नोंद करावी. वाहनतळाचं आरक्षण स्टँडमागच्या नगरपरिषदेच्या जागेत न्यावं. मैदानाच्या रस्त्याकडच्या बाजूला ओटे, नळ आणि महिलांसाठी स्वच्छतागृह दाखवावं. खाली विक्रेत्यांच्या सह्या आहेत. मावशींनी अंगठा दिला नाही. शाईचं पेन मागून घेतलं, गोणपाटावर कागद ठेवून सावकाश नाव लिहिलं आणि विचारलं, "कधी बोलावत्यात?"